१.८.३

सोमवारी उद्यमनगर बंद असतं.
लेथ गप्प, ग्राइंडरवर गोणपाट,
आणि वडिलांच्या शेडमध्ये, स्टोव्हशेजारच्या टेबलावर
मी माझं दुसरं दुकान उघडते,
ज्याला गल्ला नाही.

जुन्या छापखान्यांच्या फॉन्टमधला मजकूर
युनिकोडमध्ये आणणारी एक छोटी आज्ञावली.
सात वर्षं झाली. फुकट आहे, उघडी आहे,
कुणीही यावं, झाकण काढून आत बघावं.
लोक येतात.
झाकण तसंच टाकून जातात.

२.० ची यादी भिंतीवर खडूने लिहिलीय,
गिऱ्हाइकांच्या डिलिव्हरीच्या तारखांखाली:
गडद रंगाचा पडदा, एकशे बारा जणांची मागणी.
फोनवर चालायला हवं.
इचलकरंजीच्या एका मुलाने
‘ताई, सगळंच नव्यानं लिहिलंय’ म्हणत पाठवलेल्या चाळीस फायली,
ज्या वाचायला मला दिवाळी उजाडेल.
तारीख तीनदा पुसली.
तिथे आता नुसता पांढरा ढग आहे.

आणि अगदी तळाला, आवाज न करता बसलेलं एक पत्र.
दिगंबर इंगवले, पाटबंधारे खात्यातून निवृत्त.
राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची जुनी पत्रकं
घरी बसून, कुणी सांगितलं नसताना,
एकेक करून नव्या अक्षरात आणताहेत.
“एका फॉन्टात नऊचा एक होतो.
आकड्याच्या शेवटी असेल तरच.
घाई नाही. सवडीने बघावे.”

मी ते फेब्रुवारीत वाचलं.
‘किरकोळ’ अशी खूण केली
आणि काळ्याच्या किती छटा असाव्यात यावरून
एस्टोनियातल्या कुणाशी तरी आठवडाभर भांडले.

जुलैत एकदा चहा गाळताना
शेजारच्या शेडमधल्या टर्नरने मोबाइलवरून मोठ्याने वाचलं,
जसं या गावात त्या दिवसांत सगळेच वाचतात:
बंधारा छत्तीस फूट दोन इंच.
एकोणचाळीसला इशारा. त्रेचाळीसला धोका.

एकोणचाळीस.
टेबलावरच्या तेलात मी बोटाने लिहिलं, ३९.
मग नऊ पुसून एक काढला.
३१.
एकतीस म्हणजे झोपा.
एकतीस म्हणजे चिखलीत म्हशी दावणीलाच राहू द्या.

जुनी पत्रकं आहेत, मान्य.
त्यांच्यामुळे आज कुणी बुडणार नव्हतं.
पण उद्या कुणी प्लॉट घेताना विचारील,
इथवर पाणी आलं होतं का हो कधी,
आणि माझं काम, माझ्या नावानिशी,
शांतपणे सांगेल: नाही.

आम्ही शिकलगार. वडिलांची एक सवय आहे:
मोठा जॉब घेण्याआधी चाक ड्रेस करायचं,
गिऱ्हाईक दारात उभं राहून घड्याळ बघत असलं तरी.
त्यांना कधी विचारलं नाही, का.

चूक एका ओळीची निघाली.
तक्त्यात दोन खुणांना एकच क्रमांक,
माझ्याच हातचा, रात्री दोनचा.
ओळ दुरुस्त केली, अकरा ओळींची चाचणी लिहिली.
चाळीस फायली बाजूला ठेवल्या, मुलाला तसं कळवलं,
तो रुसला.
बदलांच्या नोंदीत टाकलं:
९ आता ९ आहे.
आणि खाली, जे लिहायला दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ लागला:
याआधी रूपांतर केलेले आकडे
कृपया मूळ कागदाशी पुन्हा ताडून पाहावेत.

एकशे बारांपैकी चौघांनी विचारलं,
गडद पडद्याचं काय झालं.

इंगवल्यांचं उत्तर रात्री उशिरा आलं.
“मिळाले. आभारी आहे.
एकोणीसशे एकोणनव्वदपासून पुन्हा सुरुवात करतो.”

किती पत्रकं झाली होती,
मी विचारलं नाही.